नात्याच्या रकान्यातली बडी माता

"चेचक! मेरे ज़िले में चेचक! और मुझे ख़बर मिल रही है डाक से!"

मोठे साहेब दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहून ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की बालाघाटात खोकले तर गोंदियाच्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेक लावेल. 'चेचक' म्हणजे देवीचा रोग, तो शब्द ऐकल्याबरोबर बाकांवरचे पेशंट उठले आणि फाटकाकडे पळाले. सगळ्यांत पुढे पायाला प्लास्टर घातलेला एक गृहस्थ होता. हाडाच्या डॉक्टरांनी त्याची नोंद घ्यायला हवी होती, पण तेही पळत होते.

"मधुकर बाबू! ये अक्षर किसका है?"

अक्षर माझंच होतं. माझं अक्षर लपत नाही. चौथीत अक्षराचं बक्षीस मिळालं, तेव्हापासून मी ते मिरवतो आणि त्याच्यापायी मार खातो.

साहेबांच्या हातात मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र होतं. दीड दिवसाच्या प्रवासावर असलेल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही रक्ताचा नमुना पाठवला होता. तो त्यांनी न उघडता परत केला होता. पत्राचा मतलब असा, की नमुना देणाऱ्या बाईच्या फॉर्मवर 'बड़ी माता' असं स्पष्ट आणि सुंदर अक्षरात लिहिलं आहे. जो रोग जगातून गेला असं सरकार सांगतं, तो तुमच्याकडे केव्हापासून आहे, आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना कळवलं का?

हिंदीत देवीच्या रोगाला 'बड़ी माता' म्हणतात. मला हे माहीत होतं. जन्म बालाघाटचा, नोकरी बालाघाटची, माहीत नसेल कसं? पण ते कसं घडलं हे सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल.

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. लोकांच्या भाषेत 'रक्त काढणारा'. तीस वर्षांत मी जितकं रक्त काढलं, ते एकत्र केलं असतं तर वैनगंगेला पूर आला असता. नवं शतक लागलं आणि आमच्याकडे एक नवं काम आलं. जंगलात, नाल्यात, रेल्वेच्या रुळाजवळ बेवारस मृतदेह सापडतात. चेहरा ओळखू येत नाही. कधी तर नुसती हाडं असतात. दुसरीकडे कुणाचा तरी मुलगा, नवरा, बाप हरवलेला असतो. या दोघांची गाठ घालून द्यायची, ती डीएनएनं.

मला जबलपूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. त्यातला एक दिवस उद्घाटनात आणि जेवणात गेला. उरलेल्या दिवसात जे समजलं, ते असं. माणसाच्या रक्तात, हाडात, दातात एक मजकूर लिहिलेला असतो. अर्धा आईचा उतरवलेला, अर्धा बापाचा. मेलेल्याच्या दाढेतून किंवा मांडीच्या हाडातून तो मजकूर काढायचा, जित्या आईच्या रक्तातला शेजारी ठेवायचा आणि जुळवून पाहायचा. हे वाचायचं काम प्रयोगशाळेतले शहाणे लोक करतात. माझं काम एवढंच, की नातेवाइकाचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घ्यायचं, बर्फाच्या थर्मासात ठेवायचं, लाखेचं सील मारायचं, फोटो चिकटवायचा, फॉर्म भरायचा आणि हवालदाराच्या हाती देऊन त्याला गाडीत बसवायचं. जबलपूरहून परत आलो तेव्हा मात्र मी घरी, चौकात आणि पानठेल्यावर असं सांगितलं होतं, की डीएनए मी नुसत्या वासावरून ओळखतो.

या कामात सगळ्यांत कठीण काय? सुई नाही. प्रेत नाही. फॉर्म. आणि फॉर्मवर माझा हात असा चालायचा, की डोक्याला विचारायची त्याला गरजच वाटायची नाही.

एकदा बैहरकडचं एक कुटुंब आलं. त्यांचा थोरला भाऊ रामसिंग महिनाभर बेपत्ता होता. तारीख दिली होती, त्या दिवशी चौघं जण आले. मी त्यातल्या सगळ्यांत धट्ट्याकट्ट्याला बसवलं, कारण त्याची शीर दोरखंडासारखी दिसत होती. रक्त घेतलं, फॉर्म भरला. हरवलेल्या इसमाचं नाव, रामसिंग. नमुना देणाऱ्याचं नाव, रामसिंग. नातं, स्वयं. सही, सील, सगळं झालं. हवालदार थर्मास घेऊन निघता निघता थबकला. त्यानं फॉर्म दोनदा वाचला आणि त्या माणसाला विचारलं, "तू कौन है बे?"

"रामसिंग."

"जो गुम गया था, वो?"

"हाँ साहब, मैं ही हूँ. बाजार में भाई लोगों को मिल गया."

"तो यहाँ काहे आया?"

"डॉक्टर साहब ने तारीख़ दी थी न," धाकटा भाऊ म्हणाला. "तारीख़ है तो आना तो पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्यात मी 'स्वयं बाबू' झालो. मी सांगत फिरलो, की हरवलेला माणूस जित्ताजागता शोधून देणारा देशातला पहिला टेक्निशियन मीच. चहाच्या टपरीवर हे टिकलं, कारण टपरीवाल्याला कमी ऐकू येत होतं.

तर आता शेवंताबाई.

रामपायलीच्या पलीकडच्या एका गावची ही बाई. बौद्ध घरातली, पन्नाशी उलटलेली, धानाच्या बांधीत आयुष्य गेलेलं. सोबत हवालदार होता. तिचा दिलीप, वय बावीस-तेवीस, मलाजखंडला एका ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर होता. पावसाळ्यात तिथून कुणाला न सांगता पिशवी उचलून निघाला, तो गेलाच. हिवाळा संपता संपता बैहरच्या पुढे, एका फाट्याजवळच्या नाल्यात हाडं सापडली. पुरात वाहून आलेल्या लाकडांखाली अडकलेली. सोबत फक्त एक पट्टा.

ती स्टुलावर बसली. मी पट्टी बांधली, शीर शोधली, आणि दुसऱ्या हातानं फॉर्म ओढला. हे असं दोन्ही हातांनी काम करणं म्हणजे मला मोठी कला वाटायची.

"नाव?"

"शेवंता."

"दिलीपची कोण लागता?"

ती जराशी थांबली. इतकी थांबली, की दुसरा कुणी असता तर त्यानं पेन खाली ठेवलं असतं.

"मोठी माय," ती म्हणाली.

आमच्या भागात मराठी घरांत मोठी माय म्हणजे कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. बापाच्या थोरल्या भावाची बायको. मी ते ऐकलं, समजलोही. पण सरकारी फॉर्म हिंदीत, आणि मला माझ्या शुद्ध हिंदीचा गर्व. 'मोठी'ला 'बड़ी', 'माय'ला 'माता'. हातानं भाषांतर केलं, लपेटदार 'ता' काढला आणि खाली एक बारीकशी रेघही मारली.

तोवर ती बोलत होती. सुई टोचल्यावर पुष्कळ लोक बोलतात, मी 'हं हं' करतो. ती म्हणाली, "साहेब, गावातले लोक म्हनते, तो नागपूरले पळून गेला. मले एवढंच पाह्याचं हाय का तो मेला का पळाला."

"समजेल, समजेल," मी म्हणालो. "आमची मशीन सगळं सांगते."

आता व्हरांड्यात परत येऊ. साहेब ओरडून ओरडून लाल झाले होते. आरोग्य खात्याची जीप अर्ध्या तासापूर्वीच शेवंताबाईच्या गावाकडे सुटली होती. देवीची लस आता कुणाकडेच नव्हती, म्हणून त्यांनी गोवराची घेतली होती. शिवाय चार पोती ब्लीचिंग पावडर. ती आमच्या खात्यात सर्व रोगांवर चालते.

मी हात जोडून सगळं सांगितलं. साहेब, बड़ी माता म्हणजे रोग नाही, ताई. बाप के बड़े भाई की पत्नी.

साहेबांचा चेहरा हळूहळू निवला. व्हरांड्यात कुणीतरी हसलं. साहेबांच्याही ओठाचा कोपरा हलला, आणि मला वाटलं, सुटलो. मग ते खुर्चीत बसले आणि अगदी खालच्या आवाजात बोलले. तीस वर्षांत त्यांचा तो आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

"मधुकर बाबू, ताई का ख़ून लड़के से मिलेगा कैसे?"

आता माझं डोकं हाताच्या पाठोपाठ तिथे पोचलं. थोरल्या काकूचा आणि पुतण्याचा रक्ताचा संबंध काय? शून्य. मी जुळण्याची शक्यताच नसलेलं रक्त बर्फात घालून, लाख लावून पाठवलं होतं. बरं झालं, त्यांनी देवीच्या भीतीनं परत केलं. नाहीतर अहवाल आला असता, 'जुळत नाही'. मग दिलीप कायमचा नागपूरला पळालेला राहिला असता आणि ती हाडं कायमची बेवारस. पत्र यायलाही चार महिने लागले होते. ते चार महिने ती बाई आमची मशीन काय सांगते याची वाट पाहत होती.

"जाइए," साहेब म्हणाले. "जीप भी रोकिए, और असली माँ का नमूना भी लाइए."

मी थर्मास घेतला, मोपेडवर बसलो आणि असा सुटलो, की वाटेत दोन बसगाड्यांना मागे टाकलं. एक बिघडून उभी होती, हे सांगायची गरज नाही.

गावात पोचलो तर जत्रा. जीपवाल्यानं पोचल्या पोचल्या भोंग्यावर सांगितलं होतं, की गावात माता निघाली आहे. त्यामुळे दुसऱ्या मोहल्ल्यातल्या बाया कडुनिंबाचे डहाळे आणि पाण्याचे लोटे घेऊन शेवंताबाईच्या दारात हजर. बौद्ध टोलीतला एक म्हातारा काठी आपटत जीपवाल्याला सांगत होता, "आमी बौद्ध लोक हावो. आमच्याकडं देवी-माता येतच नाही. चुकून आली असन त तुमच्या गाडीत घालून वापस घेऊन जा!"

अंगणात पांढरी भुकटी पसरलेली, आणि मधोमध शेवंताबाई, नाकाला पदर लावून.

"कोनं सांगतलं का मले माता निघाली?"

"मी," मी म्हणालो.

जीप गेली, बाया डहाळ्यांसकट परतल्या. मी ओसरीवर बसून विचारलं. या वेळी पेन खिशातच ठेवलं. विचारल्यावर कळलं, ते असं.

शेवंताबाईला मूल नव्हतं. धाकट्या जावेला, कौसल्याला, मुलगा झाला, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी बाराव्या दिवशी तो उचलून थोरलीच्या ओटीत घातला. तो शेवंताबाईला माय म्हणायचा आणि कौसल्याला काकू. पुढे दोघी जावांत बिनसलं. अंगणात मातीची भिंत उभी राहिली, आणि वीस वर्षं भिंतीच्या इकडून तिकडे शब्द गेला नाही. दोघींचे नवरेही गेले. मग त्या पावसाळ्याआधी कुणाच्या तरी लग्नात एका पिऊन बसलेल्या सोयऱ्यानं दिलीपला सगळं सांगून टाकलं.

"घरी आला अन् मले म्हने, तू माही माय नोहस, मोठी माय हास. मी त्याच्या मुस्काटात हानली. तो मलाजखंडले निघून गेला. मंग आलाच नाही."

"म्हणून दवाखान्यात तुम्ही मोठी माय सांगितलं?"

"सरकारी कागदावर खोटं कसं सांगाव?" ती म्हणाली. "अन् तोच त म्हनून गेलता."

मी थर्मास उघडून बर्फ उरलाय का ते पाहिलं.

सगळं समजावून सांगितलं. रक्त कौसल्याचं लागेल. कागदावर माता म्हणून कौसल्याचं नाव येईल. शेवंताबाईनं ऐकून घेतलं. मग उठली, भिंतीपाशी गेली आणि वीस वर्षांचा पहिला शब्द पलीकडे टाकला.

"कौसल्या! भाईर ये. साहेब आले हायेत."

पलीकडून आवाज, "कोनाचे साहेब?"

"दिलीपचे."

मग कौसल्याबाई अंगणाला वळसा घालून आली. किडकिडीत, कपाळावर आठ्या. ओसरीवर चढली नाही, पायरीवरच उभी राहिली.

"रक्त पायजे," शेवंताबाई म्हणाली. "मायचं."

"काहून? तुह्यं आटलं का?"

"माह्यं चालत नाही."

"आता माहीत झालं का तुले?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हणालो, "बाई, विज्ञानाच्या दृष्टीनं..."

"तुमी चूप बसा जी," दोघी एकदम म्हणाल्या. वीस वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्यामुळे. हे श्रेय मी अजून कुणाला देत नाही.

कौसल्याबाईनं फॉर्म मागितला. ती चौथी शिकलेली होती, त्या घरातली तीच वाचणारी. एकेका ओळीवर बोट ठेवून तिनं सगळा फॉर्म वाचला, 'माता' शब्दापाशी बोट थांबलं, पुढे सरकलं. मग तिनं दंड पुढे केला आणि खाली आपल्या हातानं सही केली. शेवंताबाई दारात उभी राहून पाहत होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोट कुठे थांबलं ते तिला बरोबर कळलं.

अहवाल यायला पुन्हा तीन महिने लागले. यातले किती दिवस मी डाकघरात जाऊन बसलो, हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. तर नाही सांगत. अहवाल आला. जुळलं. नाल्यातली हाडं कौसल्याबाईच्या मुलाची होती.

दोघींना बोलावलं. एकाच बसनं आल्या, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून, असं हवालदार म्हणाला. माझ्या खोलीत मात्र एकच बाक होता.

मी सांगितलं. कौसल्याबाईनं डोळे मिटले. शेवंताबाई रडली नाही, तिनं मान हलवली, जणू बाजारभाव ऐकला. "म्हनजे पळाला नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पन तो फाटा," ती म्हणाली, "हवालदार सांगते का तिथून एक रस्ता इकडं बालाघाटले येते अन् दुसरा मंडल्याकडं जाते. त तो घराकडं येऊन राह्यला होता का तिकडं चालला होता?"

मी हवालदाराकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

आता इथे माझं जन्मभराचं शिक्षण आणि जबलपूरचा तो एक दिवस, दोन्ही पणाला लागलं. दाढेवरून माणूस कोण ते कळतं. मांडीच्या हाडावरून त्याची आई कोण ते कळतं. पण मरताना त्याचं तोंड कुणीकडे होतं, हे कुठल्याही रक्तात लिहिलेलं नसतं. नाला दोन्ही रस्त्यांखालून वाहतो. खरं उत्तर एकच होतं, 'माहीत नाही'. ते दोन शब्दांचं उत्तर माझ्या जिभेवर आलंही होतं.

पण मी थापाड्या. पानठेल्यापासून व्हरांड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला. मेलेल्यांना जिवंत केलं, बिघडलेल्या बसला मागे टाकलं. म्हटलं, एवढ्या थापा स्वतःच्या बढाईसाठी मारल्या, एक हिच्यासाठी.

"घराकडं येत होता," मी म्हणालो. "रिपोर्टमध्ये आहे. मशीननं सांगितलं."

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. बांधीत उभं राहून आभाळाकडे पाहतात तसं, हे पडणार का नुसतंच गडगडणार. मग अहवाल माझ्या टेबलावरून उचलला आणि शेजारी बसलेल्या जावेच्या हातात दिला.

"तू पाह्य."

हा कागद मी चार वेळा वाचला होता, त्यात रस्त्याचं नाव नव्हतं, घराचं नाव नव्हतं, होते ते आकडे आणि शेवटी एक ओळ. कौसल्याबाईनं बोट ठेवलं आणि वरपासून वाचायला लागली. ओठ हलत होते. एक पान झालं. उलटलं. दुसरं झालं. शेवटच्या ओळीपाशी, जिथे तिचं स्वतःचं नाव होतं, तिथे बोट थांबलं. तिनं मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागलो.

"का लिहून हाय?" शेवंताबाईनं विचारलं. "येऊन राह्यला होता?"

कौसल्याबाईनं कागदाची नीट घडी घातली.

"हौ," ती म्हणाली. "लिहून हाय."